भुऱ्याच्या पोटातला बाठा

"कुत्र्याला काय, दगडसुद्धा पचतो!" हे वाक्य तुम्ही घरात कधी ना कधी ऐकलं असेल. शिळी भाकरी, माशाचं डोकं, कोंबडीची हाडं, आंब्याची साल, सगळं आपण कुत्र्यापुढे टाकतो. तोही बिचारा तक्रार करत नाही. शेपूट हलवत दोन घासांत सगळं संपवतो आणि पुन्हा आपल्या तोंडाकडे बघत बसतो. मग आपल्याला वाटतं, ह्याचं पोट म्हणजे लोखंडाचं! माझ्या वर्गातल्या मुलांनाही तसंच वाटायचं. खरं म्हणजे सगळ्या गावालाच वाटायचं. पण एका पावसाळ्यात आमच्या शाळेत ह्या वाक्याची चांगलीच तपासणी झाली. त्या तपासणीतून आम्हांला जे कळलं, ते तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून सांगते.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझं माहेर घाटावरचं. आमच्याकडे आंब्याच्या आतल्या कठीण भागाला कोय म्हणतात, इथे बाठा म्हणतात. पहिल्या वर्षी मी फळ्यावर "कोय" लिहिलं तेव्हा मुलं खुदुखुदु हसली होती. आता मीही बाठाच म्हणते. आमच्या पटावर सव्वीस मुलं आहेत आणि पटावर नसलेला एक जण आहे, तो म्हणजे भुऱ्या. शाळेशेजारी एक आजी एकट्या राहतात, त्यांचा तो कुत्रा. सकाळी प्रार्थनेच्या वेळी तो पायरीवर येऊन बसतो आणि खिचडी वाटून झाली, की आपला वाटा घेऊन आजींच्या पडवीत जाऊन झोपतो.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्याच आठवड्यातली गोष्ट. भुऱ्या खिचडीला आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, पण वास घेऊन मागे फिरला. मग मुलांनी मला मजा बघायला बोलावलं. "बाई, बाई, भुऱ्या नमस्कार घालतोय!" बघते तर काय, त्याने पुढचे दोन्ही पाय लांब पसरले होते, छाती जमिनीला टेकवली होती आणि मागचा भाग तसाच वर धरला होता. कुत्रा खेळायला बोलावताना अशी मुद्रा करतो, हे तुम्ही पाहिलं असेल. पण तेव्हा त्याची शेपटी हलते, डोळे चमकतात आणि क्षणात तो उडी मारून पळतो. भुऱ्या तसाच थिजल्यासारखा उभा राहिला. नंतर तो पाणी प्यायला आणि प्यायलेलं सगळं उलटून टाकलं. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, हा खेळत नाय. ह्याच्या पोटात दुखतंय." तिचं अगदी बरोबर होतं.

आता गावात उपाय सांगणाऱ्यांना काय तोटा? कोणी म्हणालं, एरंडेल पाजा. कोणी म्हणालं, मिठाचं पाणी पाजून ओकारी काढा. एका आजोबांनी भाताचा मोठा गोळा करून आणला. माशाचा काटा घशात अडकला, की आपण भाताचा घास न चावता गिळतो ना, तसा! मी आजींना विचारून तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "तोंडावाटे काही म्हणजे काही देऊ नका. पाणीसुद्धा टिकत नसेल, तर वाट बघू नका. लगेच घेऊन या."

कुत्र्यासाठी एवढी धावपळ कशाला, असंही एकदोघे बोलले. आजी कोणालाच काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, चंची घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चला बाई. माझ्या घराला रात्रीची राखण हाच एक आहे." मासे नेणाऱ्या एका टेम्पोवाल्या दादांनी गाडी काढली. शाळा सुटल्यावर मीही गेले.

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी भुऱ्याचं पोट हळूच चाचपलं. एका जागी हात येताच भुऱ्या कण्हला. "इथे काहीतरी कठीण लागतंय," डॉक्टर म्हणाले. मग जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. लहान आतड्यातून निघाला तो आंब्याचा एक बाठा! रायवळ आंब्याचा, छोटासा, धागे काळे पडलेला.

आजींनी कपाळाला हात लावला. "अहो, पण आंबे तर मे महिन्यातच संपले!" मुंबईहून नातवंडं आली होती. अंगणात बसून सगळ्यांनी रायवळ आंबे चोखले आणि बाठे भुऱ्याकडे भिरकावले. त्याला तीन आठवडे होऊन गेले होते. मग बाठा आत्ता कसा अडकला?

डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकण्यासारखं आहे. गिळलेली वस्तू कधी कधी जठरात कित्येक दिवस नुसती पडून राहते. तोवर कुत्रा चांगला खातो-पितो, हिंडतो. एके दिवशी ती वस्तू पुढे सरकते, आतड्याच्या तोंडाशी येते आणि अडकून बसते. वाट बंद झाली, की मागचं अन्न-पाणी उलटून बाहेर येतं. पुढे काहीच जात नाही, म्हणून शौचालाही होत नाही. अंगातलं पाणी कमी होतं आणि वस्तू जिथे रुतली तिथला आतड्याचा रक्तपुरवठा थांबतो. "आणखी उशीर झाला असता, तर तेवढं आतडं मरून गेलं असतं," डॉक्टर म्हणाले. "मग ते फाटतं आणि सगळ्या पोटात विष पसरतं."

भुऱ्या वाचला. पोटाला पट्टा बांधून तो पडवीत पडून राहिला आणि मुलं रोज त्याला दुरून बघून येऊ लागली. पण त्यांच्या प्रश्नांनी मला काही सुचू देईना. घशातून गेलेली वस्तू पोटात कशी अडकते? तो चावून का खात नाही? मग एका शनिवारी, सकाळच्या शाळेत, आम्ही पुस्तकं मिटली आणि हाच पाठ घेतला.

पहिला प्रयोग नरसाळ्याचा. स्वयंपाकघरातून एक मोठं नरसाळं आणलं आणि मुलांना त्यात एकेक वस्तू टाकायला सांगितली. तांदळाचे दाणे सरसर गेले. करवंदाची बी गेली. बाठा मात्र वरच्या पसरट भागातून सहज आत शिरला आणि नळीच्या तोंडाशी जाऊन बसला. कुत्र्याचं तसंच असतं. त्याची अन्ननलिका चांगली ताणली जाते, जठर तर पिशवीसारखं मोठं असतं, पण पुढचं लहान आतडं त्या मानाने अगदी अरुंद. म्हणजे आत जायची वाट रुंद आणि पुढची वाट चिंचोळी!

चावण्याचं म्हणाल, तर मोठ्या कुत्र्याला बेचाळीस दात असतात. आपल्याला बत्तीस. आपल्यापेक्षा दहा जास्त असूनही तो आपल्यासारखं चावत नाही. आपण चपातीचा घास घेतो तेव्हा जबडा कसा डावीकडे-उजवीकडे फिरतो, ते हनुवटीला हात लावून बघा. जणू जातंच! कुत्र्याचा जबडा मुख्यतः वर-खाली उघडमीट करतो, कात्रीसारखा. त्याचे दात पकडायला, फाडायला आणि तुकडे करायला आहेत. तुकडा घशात मावेल एवढा झाला, की तो गिळून मोकळा होतो. त्यातून शेजारी दुसरा कुत्रा उभा असला, तर विचारूच नका. तो हिसकावून घेईल ह्या भीतीने आधी गिळायचं, ही त्यांची रीतच आहे.

दुसरा प्रयोग बघून मुलं पोट धरधरून हसली. मी एक जुना लेंगा आणला होता. त्याच्या नेफ्यातल्या नाडीचं एक टोक घट्ट धरलं आणि एका मुलाला दुसरं टोक ओढायला लावलं. नेफा चुण्या पडून गोळा झाला. "कुत्र्याने लांब दोरा गिळला, की आतड्याचं असंच होतं," असं मी सांगितलं आणि वर्ग एकदम शांत झाला. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकतं. आतडं आपल्या सवयीप्रमाणे उरलेला दोरा पुढे ढकलू बघतं आणि स्वतःच त्यावर चुण्यांसारखं गोळा होतं. ताणलेला दोरा मग आतडं कापू लागतो. म्हणून एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. कुत्र्याच्या तोंडातून किंवा शौचाच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला, तर तो कधीही ओढायचा नाही. डॉक्टरांकडेच न्यायचं.

आमच्या गावाला समुद्र जवळ. त्यामुळे तंगुसाचे तुकडे वाटेवर पडलेले असतात. कधी त्याला गरीही असते आणि गरीला आमिषाचा वास असतो. कुत्र्याला तो मासाच वाटतो! शहरातल्या मुलांनी तंगुसाच्या जागी मांजा समजावा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो झाडांवर आणि गच्च्यांवर लटकलेला दिसतोच.

मग आम्ही शोधमोहिमेवर निघालो. मात्र अट अशी, की कुत्र्याच्या उंचीवरून बघायचं! मुलं वर्गात, व्हरांड्यात, पटांगणाच्या कडेने चक्क रांगली. गणवेश मळले, पण अर्ध्या तासात एक मोठी परात भरली. पेनांची टोपणं, गोट्या, रबरबँड, फुगलेला खोडरबर, फाटलेला मोजा, फुटक्या फुग्याचे तुकडे, फणसाच्या आठळ्या, नारळाच्या सोडणाचे गुच्छ, कोंबडीची हाडं आणि सगळ्यांत जास्त वेफर्सची रिकामी पाकिटं! रोज ह्याच जागेतून चालणाऱ्या आम्हांला ह्यातलं काहीच दिसलं नव्हतं.

हाडांचं मुलांना पटेना. "कुत्र्याने हाड नाय खायचं तर काय खायचं?" प्रश्न बरोबर होता. पण शिजवलेलं हाड कच्च्यासारखं राहत नाही. ते ठिसूळ होतं आणि मोडताना त्याच्या सुईसारख्या कपच्या निघतात. कोंबडीच्या पायाचं हाड तर खासच. त्या कपच्या घशात रुततात, आतड्याला भोक पाडतात. रश्श्यातली हाडं म्हणजे सगळी शिजवलेलीच. घाटावर मक्याच्या कणसांचा हंगाम असतो. दाणे खाऊन उरलेला बुरकुंडाही बाठ्याइतकाच वाईट. तो पचत नाही आणि अडकतोही घट्ट.

वेफर्सच्या पाकिटाचा धोका निराळाच. तळाशी मिठाचा, मसाल्याचा वास राहिलेला असतो. कुत्रा त्यात तोंड खुपसतो, आणखी आत जातो. श्वास आत घेतला, की पाकीट नाकातोंडाला गच्च चिकटतं. पुढच्या पंजांनी ते काढणं त्याला जमत नाही आणि काही मिनिटांतच जीव गुदमरतो. प्लॅस्टिकच्या बरण्यांचंही तसंच, त्यात डोकं अडकून हिंडणारी कुत्री तुम्ही पाहिली असतील. शिळं अन्न पिशवीत गाठ मारून फेकलं, तर कुत्रा काय, गाय काय, पिशवीसकटच गिळते. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, पण कचऱ्याच्या ढिगाकडे बघा, म्हणजे काय ते कळेल.

आता एक दुःखाची गोष्ट सांगते. पुण्याला माझ्या मामेबहिणीकडे एक मोठा कुत्रा होता. तिचा सहा वर्षांचा मुलगा आणि तो जीवश्चकंठश्च मित्र. दोघं रोज चेंडू खेळायचे. चेंडू रबराचा, छोटा, मऊ, कोणालाही धोक्याचा वाटू नये असा. एकदा कुत्र्याने उडी मारून तो हवेतच झेलला. चेंडू थेट जिभेच्या मागे जाऊन घशात बसला. ओला, गुळगुळीत रबर, बोटांना पकड येईना. डॉक्टरांकडे जाण्याआधीच सगळं संपलं. तो मुलगा कितीतरी दिवस विचारत होता, "आई, मीच टाकला ना चेंडू?" त्यात त्याचा काहीच दोष नव्हता. चेंडू कुत्र्याच्या जबड्यापेक्षा मोठा हवा, दाढांच्या मागे जाऊच शकणार नाही एवढा, हे त्या घरात कोणी कधी ऐकलंच नव्हतं. हे त्यांना ठाऊक असतं तर, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

म्हणून हा पुढचा भाग पालकांसाठी. घशात काही अडकलं, तर कुत्रा पंजाने तोंड ओरबाडतो, लाळ गळते, घाबरून इकडेतिकडे पळतो. तो जोराने खोकत असेल, तर थोडी हवा जाते आहे, त्याला खोकू द्यावं आणि डॉक्टरांकडे निघावं. आवाज बंद झाला, हिरड्या निळसर पडल्या, तर वेळ नाही. आपल्या घरच्या, ओळखीच्या कुत्र्याचं तोंड मोठ्या माणसाने उघडून बघावं. वस्तू दिसत असेल आणि पकडता येत असेल, तरच बाहेर ओढावी. न दिसता बोट घातलं, तर ती आणखी खाली जाते. छोट्या कुत्र्याला मागचे पाय धरून डोकं खाली करावं. मोठ्याचे मागचे पाय वर उचलावेत. तरीही नाही निघाली, तर शेवटच्या फासळीच्या खाली, पोटाच्या मऊ जागी मुठीने आत आणि पुढच्या दिशेने झटके द्यावेत. माणसांसाठी असाच उपाय डॉक्टर हेन्री हाइमलिक यांनी १९७४ साली जगापुढे मांडला. वस्तू निघाली, तरी डॉक्टरांना दाखवावंच, कारण घशाला आतून इजा झालेली असू शकते.

मुलांनो, तुम्ही मात्र ह्यातलं काही करायचं नाही. तुमचं काम एकच. मोठ्याने हाक मारून मोठ्या माणसांना बोलावणं! ह्याला एक फार महत्त्वाचं कारण आहे. भुऱ्याचे टाके काढायला आम्ही गेलो, तेव्हा आमच्या वर्गातल्या एका मुलाने डॉक्टरांना विचारलं, "रस्त्यावरच्या कुत्र्याच्या घशात हाड अडकलं, तर मी काढू का?" डॉक्टर खुर्चीतून उठून त्याच्याजवळ आले. म्हणाले, "बाळा, कधीच नाही. तोंड उघडं, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, काही गिळता येत नाही, असा कुत्रा दिसला, की लोकांना वाटतं हाड अडकलंय. पण रेबीज झालेला कुत्राही अगदी असाच दिसतो. दया येऊन माणूस तोंडात हात घालतो आणि ती लाळ त्याच्या हातावरच्या छोट्या जखमेला लागते."

रेबीजची लक्षणं माणसात एकदा दिसू लागली, की वाचणं जवळजवळ अशक्य असतं. पण वेळेवर लस घेतली, तर तो टाळता येतो. लुई पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस टोचवली आणि तो वाचला. तो तुमच्याच वयाचा होता! कुत्रा चावला, ओरखडला किंवा त्याची लाळ जखमेला, डोळ्याला, तोंडाला लागली, तर ती जागा लगेच वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. जखम असेल, तर ती साबण लावून धुवायची. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. आणि घरी सांगायचं. रागावतील म्हणून लपवायचं नाही. पालकांनो, मूल असं काही सांगायला आलं, तर आधी रागावू नका. आधी नळाकडे न्या.

त्या शनिवारी मुलांनी स्वतःच काही नियम केले आणि मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवले. वेफर्सचं पाकीट कडेने उभं फाडून, सपाट करूनच डब्यात टाकायचं. बाठे आणि हाडं कुत्र्यापुढे न टाकता खड्ड्यात पुरायची. तंगूस, दोरा, सुतळी दिसली, की उचलायची. पिशवीला गाठ मारून अन्न फेकायचं नाही. छोटा चेंडू कुत्र्याकडे टाकायचा नाही. कुत्रा दोनदा-तीनदा उलटी करतो, जेवत नाही, नमस्कारासारखा उभा राहतो, असं दिसलं, की त्याच दिवशी मोठ्यांना सांगायचं. खाली एका पठ्ठ्याने आपल्या मनाने भर घातली, "कारण कुत्र्याला सांगता येत नाही."

मला त्या यादीतलं हे शेवटचं वाक्य सगळ्यांत जास्त आवडलं. व्याकरणाची एकही चूक नाही आणि अर्थ तर पुरेपूर! येत्या रविवारी तुम्हीही एक परात घ्या आणि अर्धा तास कुत्र्याच्या उंचीवरून आपलं अंगण, गॅलरी नाहीतर सोसायटीचा जिना बघून या. आईबाबांनाही रांगायला लावा. काय काय सापडतं, ते बघून त्यांनाही नवल वाटेल. आणि हो, नंतर हात मात्र साबणाने स्वच्छ धुवा बरं का!